मेंदूवरची औषधं वॉर्डात देताना: आधी काय बघायचं, किती हळू द्यायचं आणि नंतर किती वेळ थांबायचं

ग्वाल्हेरला नर्सिंग करणारी आपली मराठी मुलं-मुली बरीच आहेत. लेक्चर इंग्रजीत, पेशंट हिंदीत नाहीतर बुंदेलीत, आणि घरी आईशी मराठीत. या तिन्हींच्या मधे फार्माकॉलॉजी कुठेतरी हरवते, म्हणून हे सगळं आपल्या भाषेत एका जागी लिहून ठेवतेय.

सीएनएसचा, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या औषधांचा चॅप्टर सगळ्यांनाच घाबरवतो कारण पुस्तकात तो क्लासनुसार असतो, सेडेटिव्ह (झोपेची), अँटीएपिलेप्टिक (झटक्यांची), ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं), अँटीसायकोटिक (मानसिक आजाराची), आणि प्रत्येकाखाली साइड इफेक्ट्सचे ढीगभर पॉइंट. वॉर्डात हातात सिरिंज असते, मागे नातेवाईक "सिस्टर जल्दी करो" म्हणत उभे असतात, आणि डोक्यात प्रश्न तीनच असतात: किती वेगाने देऊ, कशात मिसळू, दिल्यावर काय बघू. माझं मत स्पष्ट सांगते, या औषधांत पेशंटचं वाईट होतं ते बहुतेक वेळा वेगामुळे आणि नंतरच्या तासाभरात कुणी बघितलं नाही म्हणून. त्यामुळे मी क्लासनुसार जाणार नाही, कामाच्या क्रमाने जाणार आहे.

डोस सगळे मोठ्या माणसांचे आहेत. मुलांचं गणित वेगळं. ऑर्डर डॉक्टरांची आणि प्रोटोकॉल तुमच्या हॉस्पिटलचा, तो आधी.

पायरी १: सिरिंज भरायच्या आधीची पाच मिनिटं

पेशंट आत्ता किती जागा आहे ते आधी लिहून ठेवा. जीसीएस (शुद्ध किती आहे त्याचे गुण) लिहा, पण सोबत साध्या शब्दांतही लिहा: हाक मारल्यावर डोळे उघडतो, नाव सांगतो, वाक्य पूर्ण करतो. तासाभराने तो सुस्त वाटला तर तुलना कशाशी करणार? मग श्वास, पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंद मोजून गुणिले चार नको कारण झोपेचं औषध पोटात असलेल्या माणसाचा श्वास एकसारखा चालत नाही. मग बीपी, सॅच्युरेशन, आणि ग्लुकोमीटरने शुगर. झटके आलेला किंवा बरळणारा कुठलाही पेशंट असो, शुगर आधी. दारूचा पेशंट असेल आणि शुगर कमी असेल तर थायमिन १०० मिग्रॅ डेक्स्ट्रोजच्या आधी किंवा सोबतच गेलं पाहिजे, हे ऑर्डरमधे नसलं तर विचारा.

दुसरं, आधी काय घेतलंय. आपल्याकडे भिंड, मुरैना, शिवपुरी, दतिया असे लांबून रेफर होऊन पेशंट येतात, वाटेत एखाद्या छोट्या दवाखान्यात कुणीतरी डायझेपाम दिलेलं असतं आणि चिठ्ठीवर फक्त "इंजेक्शन दिया" एवढंच. रिकामी अँप्युल, बिल, काहीही असेल तर मागून घ्या. आणि घरच्या गोळ्यांची पिशवी उघडून बघा. झोपेची गोळी लोक औषधांत धरतच नाहीत, "वो तो नींद की है" म्हणतात, आणि दहा वर्षं रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्या आजीला फ्रॅक्चरसाठी ॲडमिट केलं की गोळी अचानक बंद होते, मग दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, भ्रम होतो, कधी झटकाही येतो. सगळे म्हणतात वयामुळे झालं. तेव्हा "रात को सोने के लिए कुछ लेती हैं क्या" हा प्रश्न वेगळा विचारायचाच.

तिसरं, नाव मोठ्याने वाचा. क्लोनाझेपाम, क्लोबाझाम, क्लोझापिन, क्लोनिडिन, चार वेगळी औषधं आणि घाईतल्या अक्षरात सगळी सारखीच. लॅमोट्रिजिन आणि लॅमिवुडिन पण तसंच.

पायरी २: झटका चालू असताना

घड्याळ बघा. हे पहिलं काम, कारण ५ मिनिटांच्या वर चालला, किंवा मधे शुद्धीवर न येता परत आला, की तो स्टेटस (आपोआप न थांबणारा झटका) धरायचा आणि औषध लगेच. लांबून आलेल्या पेशंटला झटके कधी सुरू झाले ते नातेवाईकांना विचारा, बहुतेक वेळा ती ५ मिनिटं रस्त्यातच कधीच संपलेली असतात.

कुशीवर वळवा, तोंडातला फेस सक्शन करा, ऑक्सिजन लावा, साइड रेल वर. तोंडात चमचा, माउथ गॅग, बोट काही नाही. कुणीतरी नक्की जोडा हुंगवायला पुढे येईल, त्यांना प्रेमाने बाजूला करा.

औषध पहिलं बेंझोडायझेपाइन, म्हणजे लोराझेपाम, डायझेपाम, मिडाझोलाम या गटातलं. लोराझेपाम असेल तर ४ मिग्रॅ आयव्ही (शिरेतून), तेवढ्याच सलाइनमधे पातळ करून, मिनिटाला २ मिग्रॅच्या वर नाही, गरज पडली तर ऑर्डरने एकदा परत. याच्या अँप्युल फ्रिजमधे ठेवायच्या असतात, मे महिन्यात इमर्जन्सी ट्रॉलीवर पडलेल्या लोराझेपामवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. डायझेपाम असेल तर ५ ते १० मिग्रॅ, मिनिटाला ५ मिग्रॅच्या वर नाही, आणि ते पातळ करायचं नाही, सलाइनमधे टाकलं की दुधासारखं पांढरं होतं, दुसऱ्या कुठल्या औषधासोबत एका सिरिंजमधे भरायचंही नाही. शिरेत लाइन लागतच नसेल तर त्यात दहा मिनिटं घालवू नका, मिडाझोलाम ४० किलोच्या वरच्या माणसाला १० मिग्रॅ मांडीत आयएम (स्नायूत) देता येतं. भरताना लेबल बघा, मिडाझोलाम १ मिग्रॅ पर एमएलचंही येतं आणि ५ मिग्रॅ पर एमएलचंही, म्हणजे त्याच ५ एमएलमधे एकदा ५ आणि एकदा २५ मिग्रॅ.

अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी हवी, कपाटात नाही. फ्लुमाझेनिल हा बेंझोडायझेपाइनचा उतारा आहे खरा, पण झटक्याच्या पेशंटला किंवा वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला तो दिला तर झटके परत सुरू होऊ शकतात, म्हणून श्वास मंदावला की पहिला हात बॅगकडे गेला पाहिजे.

पायरी ३: फेनिटॉइन, इथे जरा बसून वाचा

बेंझोडायझेपाइननंतर दुसरं औषध लागतं. लेव्हेटिरॅसिटॅम, व्हॅल्प्रोएट आणि फॉस्फेनिटॉइन यांची २०१९ मधे मोठ्या ट्रायलमधे तुलना झाली, तिघांनीही साधारण निम्म्या पेशंटमधे झटके थांबवले, म्हणजे कुठलं निवडायचं हा डॉक्टरांचा निर्णय. पण नर्सच्या हातून सगळ्यात जास्त घोळ होऊ शकतो तो साध्या फेनिटॉइनमधे. आपल्याकडे स्वस्त म्हणून तेच भरपूर वापरलं जातं.

हिशोब करून बघूया. पेशंट ६० किलो, ऑर्डर २० मिग्रॅ पर किलो, म्हणजे १२०० मिग्रॅ. अँप्युल २ एमएलची, त्यात १०० मिग्रॅ. म्हणजे १२ अँप्युल, २४ एमएल. एवढ्या अँप्युल फोडायच्या म्हटलं की हात थबकतो, "बारा? खरंच?" असं वाटतं, आणि वाटलंच पाहिजे, दुसऱ्या सिस्टरकडून हिशोब तपासून घ्या आणि मगच फोडा. रिकाम्या अँप्युल मोजून होईपर्यंत ट्रेमधे उभ्या ठेवा.

मिसळायचं फक्त नॉर्मल सलाइनमधे. डेक्स्ट्रोजमधे टाकलं की खडे धरतात, डीएनएस (डेक्स्ट्रोज मिसळलेलं सलाइन) आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज दोन्ही बाद. १०० एमएल एनएसच्या बाटलीत २४ एमएल टाकलं की एकूण १२४ एमएल. आधी लाइन एनएसने फ्लश, औषध संपल्यावर परत फ्लश. फिल्टरवाला सेट असेल तर तोच. बनवल्यावर ठेवून द्यायचं नाही, लगेच लावायचं.

वेग: जास्तीत जास्त मिनिटाला ५० मिग्रॅ, म्हणजे १२०० मिग्रॅला कमीत कमी २४ मिनिटं. मी ३० धरते. १२४ एमएल ३० मिनिटांत, एमएलला २० थेंबांच्या सेटने मिनिटाला साधारण ८३ थेंब. म्हातारा माणूस किंवा हृदयाचा आजार असेल तर वेग निम्मा, तासभर लावा, तेव्हा साधारण ४१ थेंब. मॉनिटर लावलेला हवा आणि तुम्ही तिथे हव्यात, बीपी दर पाच मिनिटांनी. बीपी पडला, नाडी मंदावली, ईसीजीत गडबड दिसली की आधी ड्रिप बंद आणि मग फोन. या क्रमाने.

लाइन मोठ्या शिरेत हवी. हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेतून फेनिटॉइन गेलं आणि बाहेर झिरपलं तर हात सुजून जांभळा पडतो, कातडी काळी पडण्यापर्यंत जातं. त्याला पर्पल ग्लोव्ह म्हणतात आणि एकदा बघितलात तर विसरणार नाही. आयएम तर द्यायचंच नाही.

फॉस्फेनिटॉइन आलं असेल तर ते जास्त वेगाने देता येतं, डेक्स्ट्रोजही चालतं, पण त्याची मात्रा फेनिटॉइन इक्विव्हॅलंटमधे लिहितात, त्यामुळे लेबलवरचा मिग्रॅचा आकडा आणि ऑर्डरमधला आकडा एकच धरून चालू नका.

रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) फेनिटॉइन सिरप देत असाल तर फीडच्या आधी नि नंतर साधारण तास-दोन तास गॅप, फीडसोबत ते नीट शोषलं जात नाही आणि लेव्हल पडते. लेव्हल १० ते २० मायक्रोग्रॅम पर एमएलमधे हवी. वर गेली की डोळे आपोआप इकडून तिकडे हलत राहतात, चाल झिंगल्यासारखी होते, बोलणं जड होतं. नातेवाईक म्हणतात "पी के आया है क्या", आणि पेशंट बिचारा तीन दिवस वॉर्डातच असतो.

लेव्हेटिरॅसिटॅमचं तुलनेने सोपं आहे, १५ मिनिटांत जातं, किडनी खराब असेल तर डोस कमी लागतो, आणि नंतरच्या दिवसांत पेशंट चिडचिडा झाला तर ते औषधामुळेही असू शकतं. व्हॅल्प्रोएटला लिव्हर आणि प्लेटलेट बघायचे. पेशंट विनाकारण सुस्त होत गेला तर रक्तातला अमोनिया तपासायची आठवण करून द्या.

पायरी ४: ओपिऑइड दिल्यावर, झोपेकडे बघा

मॉर्फिन, फेंटानिल, पेथिडिन, ट्रामाडोल. यांच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: श्वास थांबायच्या आधी पेशंट गुंगीत जातो. सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी पडतं, आणि ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी उशिरा, तोपर्यंत मॉनिटर ९८ दाखवत राहतो. म्हणून पेशंटशी बोला. हाक मारल्यावर पटकन जागा होतो, ठीक. जरा पेंगतो पण बोलणं पूर्ण करतो, चालेल, लक्ष ठेवा. "काका, दुखतंय का अजून?" विचारलं, त्यांनी "हो, इथे जरा..." म्हटलं आणि वाक्याच्या मधेच डोळे मिटले, तर पुढचा डोस बंद, डॉक्टरांना कळवा, पेशंटजवळून हलू नका. श्वास मिनिटाला १० च्या खाली आले तर तसंच. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात का तेही बघा. आणि नातेवाईक "आता छान झोप लागलीय, उठवू नका" म्हणाले तरी उठवा.

मॉर्फिन आयव्ही पातळ करून, चार-पाच मिनिटांत हळूहळू. अँप्युल १० मिग्रॅची आहे की १५ ची ते वाचा, दोन्ही येतात. ओपिऑइडचा उतारा म्हणजे नॅलोक्सोन, त्याची ४०० मायक्रोग्रॅमची अँप्युल ९ एमएल सलाइनमधे मिसळून १० एमएल करा, मग एमएलला ४० मायक्रोग्रॅम होतं, आणि श्वास नीट येईपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी एक-एक एमएल. श्वास पूर्ण थांबला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जास्त लागतं. पण एरवी सगळं एकदम ढकललं तर ऑपरेशनचा पेशंट वेदनेने ओरडत उठून बसतो. नॅलोक्सोन तासाभरात उतरतं, मॉर्फिन त्याहून जास्त टिकतं, म्हणजे जागा झालेला पेशंट परत गुंगीत जाऊ शकतो. दोन तास तरी सोडायचं नाही.

ट्रामाडोलला लोक साधं पेनकिलर समजतात. त्याने झटक्याचा धोका वाढतो, आणि डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर घाम, थरथर, ताप, पाय फडफडणं असं सेरोटोनिन वाढल्याचं चित्र दिसू शकतं. एपिलेप्सीच्या पेशंटला ट्रामाडोलची ऑर्डर दिसली तर विचारायला लाजू नका.

बाकी बद्धकोष्ठ. ओपिऑइडच्या बाकी त्रासांची सवय होते, याची होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. फेंटानिलचा पॅच ७२ तासांनी बदलायचा, जुना काढून दुमडून टाकायचा, आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू द्यायची नाही, उष्णतेने औषध जास्त ओढलं जातं.

पायरी ५: मॅनिटॉल आणि मॅगसल्फ

मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल २० टक्के, १०० एमएलमधे २० ग्रॅम. ग्वाल्हेरच्या जानेवारीत ही बाटली उजेडासमोर धरल्याशिवाय लावायचीच नाही. थंडीत त्यात खडे धरतात, तळाशी साखरेसारखे चमकतात, नाहीतर पांढऱ्या सुया तरंगताना दिसतात. बाटली गरम पाण्यात ठेवा, हलवा, सगळे खडे विरघळले की अंगाच्या तापमानाला येऊ द्या, मगच लावा, तेही फिल्टरवाल्या सेटने. नाहीच विरघळले तर फेकून द्या. १५ ते ३० मिनिटांत जायला हवं, तासभर रेंगाळू देऊ नका. कॅथेटर हवाच, लघवी किती झाली ते लिहा, सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट मागे लागून मागवा.

मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) लेबर रूममधलं म्हणून सीएनएसमधे कुणी शिकवत नाही, पण एक्लॅम्पसियाचे, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके तेच थांबवतं. ५० टक्क्यांच्या अँप्युलमधे २ एमएलला १ ग्रॅम. ४ ग्रॅम म्हणजे ८ एमएल, त्यात १२ एमएल पाणी किंवा सलाइन घालून २० एमएल, हळूहळू आयव्ही, पाच मिनिटांच्या आत नाही. मग दोन्ही कुल्ल्यांवर ५-५ ग्रॅम खोल आयएम. पुढचा प्रत्येक डोस द्यायच्या आधी तीन गोष्टी: गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो का (नी जर्क), श्वास १६ च्या वर आहेत का, चार तासांत लघवी १०० एमएल तरी झाली का. यातल्या एकाचंही उत्तर "नाही" आलं तर डोस थांबवा, डॉक्टरांना बोलवा. मॅगसल्फचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० एमएल उशाशी ठेवलेलं असावं.

पायरी ६: सायकची औषधं आणि आपला उन्हाळा

हॅलोपेरिडॉल दिल्यावर तरुण पोराची मान एका बाजूला वळली, डोळे वर चढले, जीभ बाहेर आली, तर घरचे म्हणणार ऊपरी हवा आहे. ती डिस्टोनिया आहे, औषधामुळे स्नायू आखडतात. प्रोमेथाझिन २५ ते ५० मिग्रॅ आयएम गेलं की साधारण अर्ध्या तासात माणूस सरळ होतो. आईला आधीच सांगून ठेवलं तर ती घाबरून पोराचं औषध कायमचं बंद करत नाही, हे फार महत्त्वाचं. ओलांझापिन आयएम दिलं असेल तर सोबत इंजेक्शनचं लोराझेपाम नको, बीपी आणि श्वास दोन्ही पडतात. क्लोझापिनवरच्या पेशंटला घसा दुखणं किंवा ताप म्हणजे त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी); पहिले १८ आठवडे तर दर आठवड्याला करायचंच असतं. त्याची बद्धकोष्ठही हसण्यावारी नेऊ नका.

आता उन्हाळा. मे-जूनमधे पारा ४५ च्या वर जातो आणि या अँटीसायकोटिक औषधांनी, वर ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर आणखीच, घाम कमी येतो, म्हणजे उष्माघात पटकन होतो. अशा पेशंटला ताप आला तर हातपाय वाकवून बघा. अंग शिशासारखं कडक, ताप, बीपी वर-खाली, बरळणं, असं दिसलं तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमचा (या औषधांचा जीवघेणा दुष्परिणाम) विचार करून औषध थांबवायला डॉक्टरांना लगेच बोलवा. नुसतं "लू लग गई" म्हणून सोडून देऊ नका.

आणि लिथियम, मूड स्थिर ठेवणारं औषध. याची लेव्हल ०.६ ते १.२ मधे हवी, १.५ च्या पुढे विषारी, म्हणजे औषध आणि विष यांच्यात जागाच नाही. शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते. म्हणून उन्हाळा, जुलाब, उलट्या, निर्जळी एकादशी, अळणी जेवण, आणि दुखण्यासाठी मेडिकलवरून घेतलेली डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन, हे सगळं लेव्हल वर नेतं. बीपीच्या काही गोळ्याही. हात बारीक थरथरणं नेहमीचं असतं, पण कप धरता येत नाही इतकं थरथरणं, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. लेव्हलचं सँपल शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी द्यायच्या आधी. आणि हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधे नको! त्या ट्यूबमधे बऱ्याचदा लिथियम हेपरिनच असतं, रिपोर्ट खोटा वर येतो.

डिप्रेशनच्या गोळ्यांना असर यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधी माणसात हालचालीची ताकद येते आणि मन अजून खालीच असतं, म्हणून पहिल्या आठवड्यांत, विशेषतः २५ च्या आतल्या मुलामुलींवर, घरच्यांनी नजर ठेवायची, आणि गोळ्या घरच्यांच्या ताब्यात.

पायरी ७: पार्किन्सनवाले आजोबा

लेव्होडोपा-कार्बिडोपा घड्याळावर चालतं. घरी आजोबा सकाळी ६, १०, २, ६ असं घेत असतील आणि तुम्ही वॉर्डच्या राउंडप्रमाणे ८-२-८ केलं तर दुपारपर्यंत त्यांना पलंगावरून पाय खाली ठेवता येत नाही, घास गिळता येत नाही. आजींना विचारा, त्यांना मिनिटासकट माहीत असतं. कार्डेक्सवर (पेशंटच्या नोंदकार्डावर) घरचीच वेळ लिहा, अर्ध्या तासाच्या वर इकडेतिकडे नको. एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही) असले तरी ही गोळी घोटभर पाण्यासोबत किंवा ट्यूबमधून द्यायची का ते विचारा, अचानक बंद झाली तर अंग आखडून ताप येऊ शकतो. डाळ-पनीरचं जेवण आणि लोहाची गोळी यांच्यापासून लांब. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको, गोंधळले म्हणून हॅलोपेरिडॉल नको. लघवी गडद झाली तर घाबरू नका म्हणून आधीच सांगा.

पायरी ८: रजिस्टर आणि घरी जाताना

मॉर्फिन-फेंटानिल एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतात, हा कायदा १९८५ चा, आणि २०१८ पासून ट्रामाडोलही त्यात आहे. कुलुपातून काढताना, उरलेलं टाकताना दोघांच्या सह्या, आणि टाकताना दुसऱ्या व्यक्तीने खरंच बघायचं, नंतर येऊन सही करायची नाही. शिफ्ट बदलताना रजिस्टरवरचा आकडा आणि कपाटातल्या अँप्युल समोरासमोर मोजायच्या, कितीही बस सुटत असली तरी.

झटक्याचा पेशंट घरी जाताना सांगायचं हिंदीत, सावकाश, घरातल्या जबाबदार माणसाला: गोळी नवरात्राच्या उपवासातही घ्यायची, बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, कंपनी बदलली तर डॉक्टरांना दाखवायचं, फेनिटॉइनवर हिरड्या सुजतात म्हणून रोज नीट ब्रश. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन नवीन सुरू झालं असेल आणि अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी परत यायचं. तरुण सुनेला बाजूला घेऊन सांगा, सासूसमोर ती विचारणार नाही: फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनवर गर्भनिरोधक गोळी भरवशाची राहत नाही, व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला धोक्याचं आहे, म्हणून मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांकडे, पण दिवस राहिले तर घाबरून स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही. आणि सिरप दिलं असेल तर बाटली दरवेळी हलवून, मापाच्या झाकणाने, घरच्या चमच्याने नाही. फेनिटॉइन तळाशी बसतं, न हलवता दिलं तर सुरुवातीला कमी जातं आणि बाटली संपता संपता जास्त.